नावाआधीचा शब्द

करुणाचे बाबा जाऊन सतरा दिवस झाले होते आणि ती अजून रडली नव्हती. कोंढा गावची माणसं म्हणत, पोरगी मोठी घट्ट मनाची. घट्ट कसली, नुसती बधिर झाली होती. सकाळी एसटी, दिवसभर भंडाऱ्याचं ऑफिस, संध्याकाळी पुन्हा एसटी.

ऑफिस धान उत्पादकांच्या एका संस्थेचं आणि करुणा तिथली कॉम्प्युटरवाली. मेळावा तोंडावर आला होता. तीनशे निमंत्रणपत्रं आणि चाळीस स्लाइड हाताने दुरुस्त करत कोण बसणार? तिने एक लायब्ररी उतरवून घेतली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणा भल्या माणसाने लिहून ठेवलेला तयार कोड. हा शब्द काढ, तो घाल, एवढं सांगितलं की ती फायलींच्या पोटात शिरून मुकाट्याने बदल करून येई.

प्रत्येक पत्रात सत्कार व्हायच्या शेतकऱ्यांची यादी होती. त्यात श्री. चंद्रभान गोंडाणे, कोंढा. तिचे बाबा.

घनश्याम साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "करुणा, तेवढं कै. करून टाकजो."

"आमच्यात कालकथित लिहतेत, सर."

बौद्धाच्या घरचा माणूस कैलासवासी होत नाही, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. त्यांच्यासाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आणि ते चुकायला नको होतं.

पण लायब्ररीला नाव सापडेना. आडनाव ठळक अक्षरात होतं, आणि ठळक नि साधी अक्षरं ही बया वेगवेगळे तुकडे मानते. मग करुणाने आडनाव गाळलं. 'श्री. चंद्रभान' दिसेल तिथे 'कालकथित चंद्रभान'. दोन सेकंदांत काम फत्ते, आणि पत्रं टपालात पडली.

चौथ्या दिवशी करडी गावाहून एक म्हातारा पत्र घेऊन तिच्या टेबलापुढे उभा राहिला.

"मी चंद्रभान सेलोकर. माह्या नावाआधी हे कालकथित म्हंजे का होय, बाई? मास्तर म्हणते का मी मेलो. घरची तं रडून राहिली."

सारं ऑफिस हसलं. करुणाला हसू आलं नाही आणि लाजही वाटली नाही.

"चुकलं, काका. बसा, आत्ताच दुसरं काढून देते."

या खेपेस तिने लायब्ररी वापरली नाही. पत्त्याची ओळ पुसली आणि हाताने टाइप केलं, 'श्री. चंद्रभान'. पुढचं बोटांनीच लिहून टाकलं. प्रिंटरमधून कागद आला, तो तिने म्हाताऱ्याला दिला.

त्याने चष्मा लावून वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"गोंडाणे लिवलं, बाई. तो मी नाही."

"हो," करुणा म्हणाली. "ते माझे बाबा."

तिने पुसायला बोट बटणावर ठेवलं. ते दाबवेना. पडद्यावर बाबांच्या नावाआधी श्री होतं.

म्हाताऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या जुन्या पत्राकडे. मग खुर्ची ओढून बसला.

"राहू दे घडीभर, पोरी. मले घाई नाही."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.