आदित्यच्या वाट्याच्या गोळ्या

हरतालिकेच्या सकाळी मधुरा पोहे परतत होती, एकट्या नवऱ्यापुरते. ओटीपोटात कळ आली की झारा थांबे. अंगात ताप होता. पण उपास निर्जळ, म्हणजे गोळीही नाही.

वर्षभरातली ही तिसरी खेप. पहिल्याच वेळी फ्रीगंज भागातल्या डॉक्टर चारुलतांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जंतू गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत चढलेत, सूज आहे. औषध नवरा-बायको दोघांनी एकदमच घ्यायचं, नाहीतर त्यांच्याकडून हे परत येणार." चिठ्ठ्या दोन दिल्या.

आदित्य म्हणाला, "मला काय झालंय? मी एकदम फिट आहे यार!"

सासूबाईंनी, कुसुमताईंनी, तोड काढली. "तो नाही म्हणतोय तर जिद्द कशाला? त्याच्यासाठी उपास करतेसच ना? मग त्याच्या गोळ्याही तूच घे."

घरात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. मधुरानं दोन्ही कोर्स गिळले, आठ दिवस ओकली. आदित्यची तब्येत उत्तम राहिली. जंतूंचीही. 'लग्नाला चार वर्षं झाली, अजून काही नाही?' हे मात्र नातेवाईक तिलाच विचारत.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "त्यांचा कोर्स झाला?"

"हो. मीच केला."

चारुलतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक नळी बंद दिसतेय, मधुरा. आणखी एक खेप, आणि दुसरीचा भरवसा नाही."

मधुरानं त्याच पोह्यांच्या दोन बश्या केल्या. एक आदित्यपुढं ठेवली, शेवेशेजारी गोळ्यांचं पाकीट. दुसरी घेऊन समोर बसली आणि घास घेतला.

कुसुमताईंच्या हातातली पत्री सांडली. "अगं, आज हरतालिका! नवऱ्याचं आयुष्य..."

"त्यांचं त्यांनी बघावं, आई. माझी गोळी खाल्ल्यावर घ्यायचीय." ती गिळून मधुरा नवऱ्याकडं वळली. "ही तुमची. दोघांचे कोर्स संपेपर्यंत मी आईंच्या खोलीत झोपणार."

"नंतर बघू. बँकेत उशीर होतोय."

"मग मी आत्ताच देवासला माहेरी निघते. गौरीजेवणाला सगळे विचारतील. कारण आईंनीच सांगायचं, जसंच्या तसं."

कुसुमताईंचा हात नकळत स्वतःच्या ओटीपोटावर गेला.

"तुझ्यानंतर दहा वर्षं मला असंच दुखायचं," त्या मुलाला म्हणाल्या. "सगळे गॅस म्हणायचे. मीपण म्हणायचे." त्यांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला. "गीळ."

"मम्मी, तू पण?"

"गीळ म्हणते ना!"

त्यानं गिळली. तोंड वाकडं केलं. "कडू आहे."

वर्षभरात या दुखण्याबद्दल त्यानं केलेली ही पहिली तक्रार. मधुरानं पुढचा घास घेतला.