शनिवारचा श्रोता

दीप्ती गजभियेनं कॉलेजच्या ग्रंथालयाचं दार बाहेरच्या लोकांसाठी उघडायचं ठरवलं, तेव्हा प्राचार्यांनी एवढंच विचारलं होतं, "कोणीही येईल हं मॅडम. चालेल तुम्हाला?"

दीप्ती हसली होती. कोणीही यावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. कॉलेजची मुलं मोबाइलवर नोट्स वाचत, आणि वाचनकक्षातल्या लांब टेबलांवर धूळ बसे. म्हणून तिनं शनिवारची बैठक सुरू केली. कोणी गोष्ट वाचून दाखवायचं, कोणी गाणं म्हणायचं, कधी चित्रांचा वर्ग, कधी मातीकाम. रामदासपेठेतल्या दवाखान्यांत पेशंटसोबत आलेले नातेवाईक यायचे, आसपास कामाला येणाऱ्या बाया यायच्या. पोस्टातून निवृत्त झालेले वामनराव तर सगळ्यांच्या आधी हजर. त्यांना वाचण्यापेक्षा बोलायची हौस जास्त, आणि ऐकणारा मिळाला की त्यांना वेळकाळाचं भान राहायचं नाही.

त्या उन्हाळ्यात एका शनिवारी एक बाई येऊन कूलरसमोर बसली. तिशीच्या आतबाहेरची, किडकिडीत. ठेकेदाराचं काहीतरी पोचवायला इकडं आली होती, उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून आत शिरली. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात खोकी बांधायचं काम करते म्हणाली. नाव नंदिनी. आडनाव, घरदार, काही नाही. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली आणि मग येतच राहिली. बसायची मात्र नेहमी अशा खुर्चीत, जिथून दार दिसेल. एकदा संध्याकाळी बस चुकली तेव्हा दीप्तीनं तिला स्कूटीवरून वाडीला सोडलं. टायरच्या गोदामामागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली एक तिची. त्या दिवशी नंदिनी पहिल्यांदा मोकळं बोलली. "ताई, तुमच्या इथं कोणी मले काहून आली म्हणून विचारत नाही," म्हणाली.

पावसाळ्यात दीप्तीनं कोळशानं चित्रं काढायचा वर्ग ठेवला. बाकीच्यांनी झाडं काढली, गणपती काढले. नंदिनीनं मान वर न करता एक बंद दार काढलं. जुन्या सागवानी चौकटीवर दोन पोपट कोरलेले, त्यातल्या एकाची चोच तुटलेली. दाराला बाहेरून कडी. आणि खालच्या फटीतून बाहेर आलेली बोटं.

"लपाछपी खेळून राहिलं का कोणी?" वामनरावांनी कौतुकानं विचारलं.

नंदिनी बोटांवरचा कोळसा पुसत राहिली. दीप्तीनं तिला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "भिंतीवर लावू का गं?"

"लावा," नंदिनी म्हणाली. "पण नाव नोका लिहू, ताई."

नाव नाही लिहिलं. पण वर्गातल्या सगळ्या चित्रांचे फोटो दीप्तीनं ग्रंथालयाच्या ऑनलाइन पानावर टाकले, तसे ती दरवेळीच टाकायची. लोकांना दाराचं चित्र फार आवडलं. ते या फोनवरून त्या फोनवर फिरत गेलं, आणि दीप्तीला त्याचा आनंदच झाला.

गणपती उठल्यावरच्या शनिवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात कोथिंबिरीच्या सांबारवडीचा पुडा. "सौरव," त्यानं स्वतःची ओळख करून दिली. "कामठीला कपड्याचं दुकान आहे. तुमच्या बैठकीबद्दल लय ऐकलं मॅडम. आलो तर चालते ना?"

"चालतं की. सगळ्यांसाठीच आहे," दीप्ती म्हणाली.

तो मागच्या रांगेत बसला, सगळं मन लावून ऐकलं, टाळ्या वाजवल्या. निघताना भिंतीवरची चित्रं पाहत पाहत गेला. दाराच्या चित्रापाशी थांबला. इतका वेळ थांबला, की दिवे मालवायला आलेली दीप्तीही थांबली.

"कोणी काढलं हे?"

"आमच्याकडच्या एका बाईंनी."

"छान आहे," तो म्हणाला आणि गेला.

नंदिनी तेव्हा येत नव्हती. सणांचा माल सुटत होता, गोदामात सुट्टी मिळत नव्हती. सौरव मात्र दर शनिवारी यायचा. म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या उतरवायचा, खुर्च्या उचलून ठेवायचा. वामनरावांना तर त्यानं जिंकलंच. त्यांच्या पोस्टातल्या त्याच त्या गोष्टी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकायचा. "हिरा आहे पोरगा," वामनराव सांगत सुटायचे. बैठक कोणाकोणामुळं रंगते, कोण कुठून येतं, सगळं त्यांनी त्याला कौतुकानं सांगून टाकलं. त्यात वाडीच्या गोदामातली चित्रवाली बाईही आली. कोणतं गोदाम, ते त्यांना माहीत नव्हतं. वाडीत गोदामांना काय तोटा!

दीप्तीला हे नंतर कळलं. आधी नुसतं चमत्कारिक वाटायचं. सौरव बसायचा मागं, पण पाहायचा दाराकडं. कोणी आत आलं की त्याची मान वळायची आणि पुन्हा जागेवर यायची. आपण उगाच संशय घेतोय, असं ती स्वतःला बजावायची. इतक्या चांगल्या माणसाबद्दल काय म्हणून वाईट यावं मनात?

मग दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सगळे पांगल्यावर, तो तिच्या टेबलापाशी आला. चेहऱ्यावर तेच हसू.

"मॅडम, त्या चित्रातले पोपट पाहिले तुम्ही? चोच तुटलेला?"

"हो."

"ती चोच माह्या आजोबानं तोडली होती. दारू पिऊन. कडीही बरोबर काढली तिनं. बाहेरूनच आहे." त्यानं खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. "कुठी राहते ती, सांगान का?"

दीप्तीच्या हातातली किल्ली निसटून खाली पडली. त्यानं वाकून ती उचलली, तिच्यासमोर ठेवली आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

त्या रात्री दीप्तीला झोप आली नाही. नंदिनीनं कधी फोन नंबर दिला नव्हता. जावं की नको, यातच रविवार गेला. सोमवारी दुपारी तिनं अर्धी रजा टाकली, स्कूटी काढली आणि अमरावती रोडला लागली. वाडीला ट्रकांची ही गर्दी. धुरळ्यात पुढचं दिसत नव्हतं. टायरचं गोदाम सापडेपर्यंत ती दोनदा रस्ता चुकली, मागं वळली, पुन्हा पुढं गेली. मागं वळून पाहण्यासारखं काही असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

नंदिनी रातपाळी करून आलेली, दारात बसून तांदूळ निवडत होती. दीप्तीला पाहून तिचा चेहरा उजळला. दीप्तीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नाव ऐकूनही नंदिनी हलली नाही. तिनं एकच विचारलं.

"तो हसून बोलते का, ताई?"

"हो. सारखा."

"मंग तोच आहे."

ती उठली. आत गेली, एका पिशवीत कपडे कोंबायला लागली. तिच्या हालचालीत घाई नव्हती, घबराट नव्हती. अशी पिशवी तिनं याआधीही भरली असणार, हे दीप्तीला पाहताक्षणी कळलं.

"माझ्या मावशीकडं चल," दीप्ती म्हणाली. "सिंधूताई. भंडाऱ्याला असते. मी नेऊन सोडते तुला, आत्ताच."

दोघी बाहेर आल्या, तर रांगेच्या टोकाशी मोटरसायकल उभी होती. सौरव हेल्मेट काढून हँडलला अडकवत होता.

"थँक्यू मॅडम," तो तिथूनच म्हणाला. "तुम्ही तिले सांगाले जाल, हे मले माहीतच होतं."

दीप्तीला आत्ता उमगलं. शनिवारी टेबलापाशी तो काही विचारायला आलाच नव्हता. तो तिला घाबरवायला आला होता.

"चाल वं," तो नंदिनीला म्हणाला. आवाज अगदी मऊ. "घरी चाल. लय झालं."

आणि नंदिनी चालायला लागली. दीप्तीला हे पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. ती ओरडली नाही, पळाली नाही. खांदे पाडून, पिशवी तशीच धरून ती त्याच्या दिशेनं निघाली, जसं काही कोणी आतून दोरी ओढत होतं.

दीप्तीनं धावत जाऊन तिचा दंड धरला. "कुठं चाललीस? नंदिनी! इकडं बघ!"

आवाजानं शेजारच्या बाया बाहेर आल्या. सौरवनं त्यांना हात जोडले. "माही बायको आहे, मावशी. डोक्यानं जराशी बरोबर नाही. घरून निघून आली. या मॅडमनं अजून भरवून देलं तिले."

बाया दीप्तीकडं पाहू लागल्या. इस्त्रीच्या शर्टातला सभ्य माणूस एकीकडं, आणि दुसऱ्याच्या बायकोचा दंड धरून उभी असलेली अनोळखी बाई दुसरीकडं. "घरचा मामला आहे, बाई," एकजण पुटपुटली. "तुम्ही काहून मधात पडून राहिल्या?"

दीप्तीनं हात सोडला नाही. "तू बोल," ती नंदिनीच्या कानाशी म्हणाली. "जायचं असेल तर जा. पण आधी बोल."

नंदिनी बोलली, आधी इतकं हळू, की बायांना जवळ सरकावं लागलं.

"मले कोंडून ठेवत होता. सासूचं तेरावं झाल्यापासून. दुकानात जाताना कडी लावून जाये. मी फटीतून बोटं बाहेर काढून हवा लागते का पाहो." तिनं उजवा हात पुढं केला. मधलं बोट वाकडं होतं. सरळ होत नव्हतं. "एक दिवस यानं ते पाहिलं. आन् बुटानं..."

पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नाही. आतापर्यंत गप्प असलेली एक थोराड बाई, सत्यवती, पुढं झाली. नंदिनीसोबत तीही गोदामात होती. "हे बोट तर कामात सापडलं म्हणत होती तू मले," ती नंदिनीला म्हणाली, आणि मग सौरवकडं वळली. "जा गा बावा तू इथून. नाई तर गोदामातले हमाल बोलावतो."

सौरवचं हसू पुसलं गेलं नाही. त्यानं हेल्मेट घातलं, काच वर ठेवली. "बरं. भेटूच," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते कळलं नाही.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार झाली. सत्यवती सोबत गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं, बोटाची तपासणी करायला पाठवलं. सौरवला बोलावलं गेलं. तो वकील घेऊन वेळेवर हजर झाला आणि जामिनावर घरी गेला. केस उभी राहिली, तारखा पडू लागल्या. नंदिनी भंडाऱ्याला सिंधूताईंकडं राहू लागली. शेजारी कोणी विचारलं तर सिंधूताई सांगायच्या, माही भाची आहे.

वामनरावांना खरं कळलं, तेव्हा ते दोन शनिवार आलेच नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले, आणि कोणाशी न बोलता पुस्तक उघडून बसले.

प्राचार्य म्हणाले, "काही दिवस बंद ठेवा मॅडम, बैठक. कॉलेजचं नाव येईल उगाच." दीप्तीनं बंद ठेवली नाही. तिनं सौरवला दारातच अडवलं, सगळ्यांदेखत. "तुम्ही आत यायचं नाही," ती म्हणाली. ती बाजूला झाली नाही. त्यानं मान डोलावली, जणू तिचं म्हणणं त्याला पटलंच होतं, आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

मग तो दर शनिवारी तिथंच बसू लागला. चहा घ्यायचा, पेपर वाचायचा. पोलिसांना सांगितलं तर ते म्हणाले, रस्त्यावर चहा पिणाऱ्याला काय करणार? बैठकीला माणसं कमी होत गेली. बाया मुलांना आणेनाशा झाल्या. जे येत, ते खिडकीकडं पाठ करून बसत. गंमत अशी, की तो समोर दिसतोय तोवर दीप्तीला बरं वाटायचं. तो इथं आहे, म्हणजे तिथं, भंडाऱ्याला नाही.

थंडी सुरू झाली होती. त्या शनिवारी दीप्ती पोचली, तर वामनराव पायरीवर उभे होते, कितीतरी दिवसांनी खुललेले.

"पाहिलं का मॅडम? टपरी रिकामी! गेला वाटते. थकला असन."

आत बायाही कुजबुजत होत्या, हसत होत्या. कोणीतरी खिडकी उघडली. दीप्तीनं रस्त्यापलीकडं पाहिलं. बाकावर ऊन पडलं होतं, चहावाला कप विसळत होता. तिनं पर्समधून फोन काढला आणि पायऱ्यांवरच उभी राहून नंबर लावला.

नंदिनीनं उचलला. मागं शिलाई मशीन चालू होतं. "बोला ताई. मी बरी आहे."

सांगावं की नाही, दीप्तीला कळेना. उगाच जीवाला घोर लावायचा. पण न सांगणं तिच्यानं झालं नाही.

"आज तो आला नाही, नंदिनी."

मशीन थांबलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि सिंधूताईंना मारलेली हाक.

"बरं केलं सांगतलं," नंदिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

आतून वामनराव बोलवत होते, आज वाचायची पाळी दीप्तीची होती. ती आत गेली, पुस्तक उघडलं. वाचता वाचता तिची ओळ दोनदा चुकली. फोन तिनं टेबलावर उताणा ठेवला होता, आणि वाचताना तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडंच होतं.