एक चमचा जास्त

सिंदीच्या त्या कापसाच्या जिनिंगात रोज सकाळी दहा वाजता सगळ्यांनी रांगेत उभं राहून हिरवी पावडर प्यायची, असा शेठच्या बायकोचा, रीतामॅडमचा, दंडक होता. ताण घालवायची ही पावडर त्या स्वतःच विकत. हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे जिनिंगातले कामगारच.

"ताण गेला का?" मॅडम विचारत.

"गेला!" सगळे ओरडत. सर्वांत मोठा आवाज रूपरावांचा. वजनकाट्यावर बसून दिवसभर गाडीवाल्यांच्या शिव्या खाणारा माणूस तो.

एके दिवशी रूपरावांची लेक आकांक्षा त्यांचा विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आली होती. रूपरावांनी ग्लास रिकामा केला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, दोन दिवस सुट्टी भेटली असती त... छातीत दुखून राह्यलं. वर्ध्याले दाखवून येतो."

"ऐन कापसात? तुमचा ताण लय जिद्दी दिसते, रूपराव. उद्यापासून दोन चमचे!"

रांगेत हशा पिकला. रूपरावही हसले, आणि हसता हसता त्यांनी लेकीकडे पाहिलं. आकांक्षाला वर्ध्याची बस गाठायची होती. कॉलेजात तास होता. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे पिऊन रूपराव काट्यावर बसले. भरलेली गाडी काट्यावर उभीच राहिली; वजन सांगायला ते उठलेच नाहीत.

तेरवीला रीतामॅडम पावडरचा डबा घेऊनच आल्या. पंगतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "रूपराव शेवटपर्यंत कसे ताजेतवाने होते! आकांक्षा, तूच सांग न सगळ्याईले."

आईनं मागून पदर ओढला. "हो म्हण अन् चूप राह्य. मुकेशले बापाच्या जागी लावतो म्हणते शेठ."

मुंडण केलेल्या मुकेशच्या हातात मॅडमनी ग्लास दिलाही होता. "सोमवारपासून तूच काट्यावर. पी. ताण गेला का?"

"गेला!" पंगतीतले जिनिंगवाले सवयीनं ओरडले, आणि मग माना खाली घालून वरणभात कालवू लागले.

आकांक्षानं आईच्या हातातून पदर सोडवला.

"मॅडम, बाबाच्या छातीत दुखत होतं. त्याईनं सुट्टी मागतली, तुम्ही चमचा वाढवला. हे सारे हसले. मी तिथंच उभी होती, अन् काई बोलली नाई." ती भावाकडे वळली. "मुकेश, ठेव तो गिलास खाली."