ग्रिट आणि धृती

वेणीमाधवकाकांचं म्हणणं असं, की जिद्दीला इंग्रज 'ग्रिट' म्हणतात तो आपल्या 'धृती'चाच बिघडलेला उच्चार. तीस वर्षं संस्कृत शिकवताना त्यांनी हे ठासून सांगितलं, आणि दूधविनायक मोहल्ल्यात कुणाची ब्र काढायची छाती झाली नाही. एका श्लोकाच्या अर्थावरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरलेल्या माणसाशी वाद घालणार कोण?

आज त्यांच्या पुस्तिकेचं प्रकाशन होतं, तिच्यात हीही व्युत्पत्ती छापलेली, आणि तिच्यावर बोलायचं होतं पुतणीने, हिमानीने. आईवडिलांमागे काकांनीच तिला वाढवलेलं. आता ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. काकांची व्युत्पत्ती साफ चुकीची आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरं बोलावं तर काका कायमचे दुरावणार, खोटं बोलावं तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्या सभागृहात पंखे गरगरत होते, तरी तिला दरदरून घाम फुटला होता.

तिने धृतीचं कौतुक केलं, काकांच्या व्यासंगाचं केलं, मग थांबली. पहिल्या रांगेत काका समाधानाने मान डोलावत होते.

"पण काका, ग्रिट धृतीतून आलेला नाही," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. जुन्या इंग्रजीत हा शब्द वाळूचा, खडीचा. पुढे दगडाच्या खरबरीत पोताला तो लागला, आणि मग अमेरिकेत चिवट माणसाच्या जिद्दीला. धृतीशी त्याचं दूरचंही नातं नाही.

काका काठी टेकत उठले आणि व्यासपीठावर आले.

"तुला हे कधीपासून मालूम आहे?" त्यांनी विचारलं.

"छपाईच्या आधीपासून. चार महिने."

काकांनी गठ्ठ्यातली एक प्रत ओढली, पेन काढलं आणि ग्रिटचं पान खोडलं. मग दुसरी घेतली, मग तिसरी. लोक चुळबुळले, उठले, चपला शोधू लागले. हिमानी पेन घ्यायला गेली, तर त्यांनी दिलं नाही. गलती माझी, मीच खोडणार, एवढंच म्हणाले.

बऱ्याच वेळाने, मान वर न करता ते बोलले.

"एका घरात राहून चार महिने तू मला घाबरत होतीस. ते कसं खोडू, बेटा?"

हिमानीला रडू आवरेना. ती त्यांच्या शेजारी बसली आणि पुढची प्रत उघडून धरली.