माळावरचं निळं प्लास्टिक

महाडच्या मदत केंद्रात श्रुतिका उपग्रहाची छायाचित्रं वाचायला बसली होती. कुठल्या वाडीतली किती माणसं घर सोडून निघाली, याचा अंदाज तिने द्यायचा आणि त्यावर बचावपथकं पळायची. सकाळी ढग जरा फाटले, तेव्हा पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीचं चित्र मिळालं. घरांच्या वरच्या उताराला लांबलचक भेग, आणि पलीकडच्या माळावर निळ्या प्लास्टिकचे मांडव.

"माणसं माळावर गेलीत, सर. वाडी रिकामी आहे," ती म्हणाली. केंद्रप्रमुख प्रवीण यांनी हाताशी उरलेलं एकुलतं एक पथक पुरात अडकलेल्या नाते गावाकडे धाडलं.

ती वाडी म्हणजे श्रुतिकाचं आजोळ. आवाज तरी ऐकावा म्हणून तिने हैबतीमामाला फोन लावला. त्याला रेंज माळावरच मिळायची.

"मामा, सगळे मांडवात ना?"

"सगळी हायत गो. गाभण म्हस पन आनली."

"आणि माणसं?"

"मानसं घरात. गुरांची सोय झाल्याबिगर मानसानं कसं निघायचं? सांजच्याला आनतो त्यांना."

याच मामाकडे गुरांना वैरण पडल्याशिवाय तिला कधी ताट मिळालं नव्हतं. मग ठाऊक नव्हतं, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? कॉम्प्युटरपुढे बसली आणि शहाणी सगळं विसरली! पथक माघारी बोलवावं, तर मागच्या रस्त्यावर पाणी चढलेलं.

"मामा, डोंगर फाटलाय. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना वर आण!"

"जागा कुठं हाय? मांडव गुरांनी भरलेत."

"गुरं बाहेर काढ."

"ह्या पावसात? तुला काय जातंय तिकडं बसून सांगायला!"

"मामीला गाडायचंय का तुला?" ती किंचाळली. सगळं केंद्र वळून बघू लागलं. फोन कट झाला होता.

नंतर तो लागलाच नाही. दुपारी नवं चित्र आलं. वाडीच्या जागी नुसती तांबडी माती होती, घर एकही नाही. माळाकडे बघायचा तिला धीर होईना. शेवटी प्रवीण यांनीच तो भाग मोठा केला.

मांडव जागेवर होते. भोवती उघड्यावर काळे ठिपके दाटीवाटीने उभे.

"ही माणसं?" प्रवीण यांनी विचारलं.

"नाही सर, गुरं. गुरं पावसात भिजतायत," ती म्हणाली, आणि चित्रात एकही माणूस दिसत नसताना सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडू लागली.