जाईबाईंच्या हातावरचा खवला

मित्रांनो, मी एक जुना कण आहे. मला वजन नाही. तरी मी पडतो.

ठाण्यात, नौपाड्यातल्या हलती चित्रे बनवणाऱ्या एका गाळ्यात, सत्त्याण्णव साली गोदा नावाच्या मुलीने आम्हा हजारो कणांना संगणकात सोडले. सोडताच आम्ही खाली गेलो. खाली जमीन नव्हती. ती करायचीच राहिली होती.

मग तिने आम्हाला एक हात दिला.

तिच्या आईचा. जाईबाईंचा. चेंदणी कोळीवाड्यात जन्मभर मासळी साफ केलेला. बोट न् बोट मोजून गोदाने तो संगणकात उभा केला आणि आम्हाला खवले करून त्यावर बांधले. हात वळला की आम्ही वळायचो. मूठ मिटली की दाटीने चमकायचो. खालचा हात तिने दिसेनासा केला. उरला नुसत्या खवल्यांचा हात!

जाईबाई बघायला आल्या आणि हसत सुटल्या.

"अगो, खवले घासून काढता काढता माझा जल्म गेला, नि तू चिकटवत बसलीस?"

"अजून हलत नाही नीट, आई."

"हलला की दाखव. माझाच हात मला टाटा करताना बघायचाय."

ते माझे सुखाचे दिवस.

मग गोदा येईनाशी झाली. आई आजारी आहे, एवढाच निरोप. गाळ्याचे मालक सहदेव यांना साडीच्या जाहिरातीसाठी संगणकात जागा हवी होती. त्यांनी तो न दिसणारा हात पुसला.

आम्ही

सुटलो.

गोदा परतली. तिने चित्र चालवून पाहिले.

"सहदेवदादा, हात कुठंय?"

"अगं, तुझे खवले ठेवलेत की सगळे! तो दिसतच नव्हता, म्हणून काढला. पुन्हा मोज आईचा. अर्ध्या दिवसाचं काम."

"कोणाचा मोजू? आईला सोमवारी नेली."

सहदेव पंखा बंद करायला उठले. पंखा बंदच होता.

मित्रांनो, हलते चित्र म्हणजे एकामागोमाग एक चित्रे. पहिल्या चित्रात आम्ही अजून जिथल्या तिथे आहोत. बोटे, नखे, तळव्यावरची कोयत्याची खूण. दुसऱ्यापासून

पडणे.

हलला नाही, तोवरच तो हात आहे. पण जाईबाईंना तो हलताना बघायचा होता. म्हणून गोदा चित्र चालवायची कळ दाबते. दरवेळी दाबते.

दिसत नाही म्हणून काही पुसू नका. त्यावर कोण उभे आहे, ते आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी तिच्याजवळ असाल, तर तिचे बोट धरा.

मला धरता येत नाही.