अकरावी ओळ

मलकापूरच्या स्टेशनात गाडी हलली तेव्हा मलिहाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "अब्बा, दुआ करना."

बशीर गाडीबरोबर चार पावलं चालला. "दुआ तेरी अम्मी करेगी. मैं वोट लाता."

गाण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. धामणगाव बढ्यात गाद्या भरता भरता त्याचं वय सरलं होतं. मुलगी रियाजाला बसली की कापूस पिंजायचं यंत्र बंद ठेवायचं, एवढीच त्याच्या हातून संगीताची सेवा झालेली. आशियातल्या पंधरा देशांची ही टीव्हीवरची गीतस्पर्धा यंदा पहिल्यांदाच भरत होती, आणि भारताकडून मलिहा गाणार होती. तिच्यासाठी करण्यासारखं त्याच्यापाशी मतांवाचून दुसरं काही नव्हतं.

मतं कशी मिळवायची ते गावाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एका हिंदी वाहिनीच्या स्पर्धेत जिल्ह्यातला मुलगा उतरला तेव्हा गावाने अंगठे दुखेपर्यंत बटणं दाबली होती. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या भागवतने तीच रीत पुन्हा काढली. एका फोनवरून दहा मतं देता येणार होती. ॲपमधली नावं इंग्रजीत असणार, आणि गाण्यांच्या जाहीर झालेल्या यादीत मलिहा अकरावी. म्हणून अक्षरओळख नसलेल्यालाही जमेल अशी खूण ठरली : वरून मोजत अकरावी ओळ. आठ दिवस बशीरने दुकानाला कुलूप घातलं. मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमधले हमाल, वरवट बकालला त्याचा मेहुणा वकार राहत होता तो सारा मोहल्ला, सगळीकडे त्याने हा एकच धडा दिला. शेजारच्या झुंबरबाईचं बोट धरून तो ते कॅलेंडरच्या तारखांवरून फिरवायचा.

"नऊ, दहा, अकरा. इथंच दाबाचं, मावशी."

"अन् दुसरीकडं दाबलं तं?"

"तं दुसऱ्याची पोरगी जिंकते."

शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढे पडदा लागला. मलिहा गायली. तिच्यामागून आलेल्या मंगोलियाच्या मुलीने असा काही सूर लावला, की चौकाने तिलाही मनापासून टाळ्या दिल्या. मग पंधरा मिनिटांचं मतदान सुरू झालं, आणि भागवत फोन घेऊन निवृत्त शिक्षक चंद्रशेखर सरांकडे धावला.

"सर, पाहा बरं. यादीत भारतच नाही दिसून राह्यला."

सरांनी चष्मा वर करून यादी वाचली. चौदाच नावं होती.

"नसणारच. आपल्या देशाला आपण मत द्यायचं नाही, असा नियम असेल. युरोपात अशी स्पर्धा एकोणीसशे छप्पनपासून चालू आहे, तिथंही तसंच आहे. नाहीतर जो तो स्वतःलाच देईल."

"कधीच देता येत नव्हतं?" बशीरने विचारलं.

सर खोटं बोलत नसत. "पहिल्या वर्षी येत होतं. फक्त पहिल्या. सत्तावन्नपासून बंद."

"मंग हे बी पहिलंच वर्ष हाये ना, सर?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात बशीरच्या मनात काहीतरी चमकलं. "भागवत, आता अकराव्या ओळीत कोन हाये?"

भागवतने बोटाने मोजलं. भारत गळाला होता आणि खालचे सगळे एकेक ओळ वर सरकले होते.

"मंगोलिया," तो म्हणाला.

"दाबू नका!" बशीर पडद्यापुढे उभा राहून ओरडला. "कोनीच दाबू नका!"

"काऊन बे भागवत," मागून कोणीतरी हसलं, "आठ दिवस दाबा दाबा, अन् आता बशीरभाऊ म्हनते नका दाबू?"

झुंबरबाईने पहिल्या रांगेतून फोन उंच धरला. "दाबलं गा बशीर! दहाही मतं. मोजून!"

बशीरने वकारला फोन लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. लागला तेव्हा पलीकडे नुसता जल्लोष होता. "दस के दस मार दिये, भाईजान! पूरे मोहल्ले ने!"

पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं.

एकेका देशाचा कौल जाहीर होऊ लागला. भारतातल्या प्रेक्षकांचे सर्वाधिक, बारा गुण, मंगोलियाला. भारताचं नाव ऐकताच अर्ध्या चौकाने टाळ्या वाजवल्या. पडद्यावर मलिहा शेजारच्या मंगोलियन मुलीला मिठी मारताना दिसली; ती मनापासून हसत होती. शेवटी मंगोलिया पहिला आला. मलिहा दुसरी, पाच गुणांनी मागे.

"देशभरातून मतं गेली असतील," सर हलक्या आवाजात म्हणाले. "आपल्या हजारेक लोकांनी काय होतं, बशीरभाई?"

"आठ दिवस मी लोकाइले सांगून राह्यलो, सर. एकेका मतानं होते म्हून."

बशीरच्या हातातला फोन वाजला.

"अब्बा, दूसरी आई मैं!" मलिहाचा आवाज बसला होता. "गांव ने वोट डाले ना?"

लोक सतरंज्या झटकत होते.

"डाले, बेटा. सब ने डाले."

झुंबरबाई केव्हाची शेजारी येऊन उभी होती. तिने हात पुढे केला. "दे, मले बी बोलू दे पोरीसंगं." नाही म्हणायला बशीरला कारण सापडलं नाही. तिने दोन्ही हातांनी फोन कानाला लावला.

"मलिहा, म्या सोता दाबली वं माय! अकरावी, मोजून! साऱ्या गावानं अकरावीच दाबली!"

ती ऐकत राहिली. मग फोन कानापासून दूर धरून तिने बशीरकडे पाहिलं.

"काहीच नाही बोलत पोरगी. लाइन गेली का गा?"